पाव तोळ्याची गोळी

अमरावतीच्या राजापेठेतल्या शेतीच्या दुकानांसमोर हल्ली बियाण्यांच्या पिशव्यांइतकीच झटका मशीनची खोकी दिसतात. वावराभोवती तार ओढायची, तिच्यात थांबूनथांबून विजेचा झटका सोडायचा आणि रोही-डुकरांना धुऱ्याबाहेर ठेवायचं, असं हे यंत्र. खोकं उलटसुलट करून पाहताना एखादा शेतकरी हमखास म्हणतो, "हे झटका-बिटका राहू द्या न भाऊ. एखादी लहानशी रायफल भेटली तं डुक्कर वावरात येईनच कायले?" दुकानात हशा पिकतो आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये असं मला वाटतं, कारण प्रश्न मोठा नामी आहे. लहानशी म्हणजे किती लहान? रायफल लहान असली की गोळीही लहान, मग ती लहान गोळी नेमकं करते तरी काय? अमेरिकेत शेतात बिळं पाडणाऱ्या, पीक कुरतडणाऱ्या बारक्या जनावरांसाठी लहान बोअरच्या, म्हणजे बारीक भोकाच्या नळीच्या, रायफली आणि काडतुसं निवडण्याचं अख्खं शास्त्र उभं राहिलंय. त्या शास्त्रात डोकावलं की आधी हसू येतं, मग डोळे विस्फारतात.

सुरुवात लहानांतल्या सगळ्यात खपणाऱ्या काडतुसापासून करू. ते म्हणजे पॉइंट टू-टू. गोळीची जाडी .२२ इंच, साधारण ५.६ मिलिमीटर. वजन बहुधा ४० ग्रेन. ग्रेन हे माप परकं वाटेल, पण आपल्या सराफ्याशी त्याचं जुनं नातं आहे. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचाच. म्हणजे ही गोळी पाव तोळ्याचीही भरत नाही. २.६ ग्रॅम शिसं, गुंजांच्या हिशेबात एकवीस-बावीस गुंजा. आणि तिला ढकलणारी दारू किती? गुंजभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. एवढ्याशा दारूवर ही गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या पुढे पळते.

ही दारू कसली असते, हे कळल्यावर मी तरी चकित झालो. कापसाची! १८४६ मध्ये बाझलच्या क्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने जगाला स्फोटक कापूस दाखवला. घरात आम्ल सांडलं, त्याने ते बायकोच्या सुती एप्रनने पुसलं, एप्रन शेगडीजवळ वाळत टाकला आणि तो भप्पकन पेटून नाहीसा झाला, राखही उरली नाही, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, रसायन मात्र खरं आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या रेणूंना नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोड्या चिकटवल्या की जळायला लागणारा प्राणवायू तो स्वतःच्या पोटात घेऊन बसतो. बाहेरच्या हवेची गरजच उरत नाही. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच माणसाने या अवखळ पदार्थाला शिस्त लावली आणि बिनधुराची दारू जन्मली. आजही तिच्यासाठी लागणारं सेल्युलोज घ्यायची एक नेहमीची जागा म्हणजे सरकी. रुई काढून झाल्यावर तिच्यावर जी आखूड लव उरते, ती लव. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत असलीच दारू तयार होते. जिनिंगच्या हंगामात नाकातोंडात जाणाऱ्या, अंगाला चिकटणाऱ्या त्या तंतूंच्या पोटी हे असलं काही दडलेलं असेल, असं कापूस वेचणाऱ्या कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

आता काडतूस हातात घेऊन पाहा. बुडाशी एक बारीक कड दिसते. पितळेचा पत्रा दुमडून ती घडवलेली असते, आतून पोकळ. त्या पोकळीत ठोकर बसताच पेटणारा मसाला ओला असतानाच भरतात आणि तो कडेत गोलाकार सगळीकडे पसरवतात. वाळला की काम झालं. घोडा ओढला की पिन येऊन कडेवर आदळते, कड चेमटते, दोन पत्र्यांमध्ये मसाला चिरडतो, ठिणगी दारूत जाते. पॅरिसच्या फ्लोबेरने १८४५ मध्ये अशी इवलीशी काडतुसं केली ती दिवाणखान्यात नेमबाजी खेळण्यासाठी. हो, दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर! १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ती कल्पना रिव्हॉल्व्हरसाठी उचलली. १८८७ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल नावाचं काडतूस काढलं, आणि आज दुकानात पॉइंट टू-टू मागितलं तर बहुधा तेच मिळतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, मोटारी बदलल्या, विमानं बदलली, हे काडतूस जवळपास तसंच आहे.

पण याच कडेत त्याची मर्यादाही आहे. पिनेने कड चेमटायची, तर पत्रा पातळच हवा. पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. म्हणून या काडतुसात दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सोळाशे पटींवर थांबवावा लागतो. सोळाशे पट हे 'थांबवणं' म्हणजे पाहा! जास्त जोर हवा असेल तर मसाल्याची टोपी बुडाच्या मधोमध बसवायची आणि बूड जाड भरीव पितळाचं करायचं. असं काडतूस साडेतीन हजार पटींहून जास्त दाब सहज पेलतं. लहान बोअरच्या काडतुसांची दोन घराणी इथे वेगळी होतात. एक कडेवर ठोकर खाणारं, दुसरं मध्यावर. जाडी दोघांचीही .२२ असू शकते, स्वभाव मात्र जमीन-अस्मानाचे.

पितळाबद्दल आणखी एक सांगतो. दारू पेटताच काडतुसाच्या भिंती फुगून नळीच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटतात आणि मागे एक कणभरही वायू येऊ देत नाहीत. नेम धरणाऱ्याचा गाल तिथून काही इंचांवर असतो, हे विसरू नका. गोळी बाहेर पडते, दाब उतरतो आणि तेच पितळ अंग चोरून आत येतं, म्हणून रिकामी पुंगळी बोटाच्या जोरावर निघते. चिकटायचं आणि सोडायचं, दोन्ही कामं एकाच धातूने करायची, तीही दोन-तीन सहस्रांश सेकंदात. गोळी नळीतून जायला एवढाच वेळ लागतो. त्यातही गंमत अशी की लांब नळी म्हणजे जास्त वेग, हा आपला समज पॉइंट टू-टू खोटा ठरवते. गुंजभर दारू नळीच्या पहिल्या सोळा ते एकोणीस इंचांत आपला सगळा जोर संपवते. नळी त्याहून लांब असेल तर उरलेल्या वाटेत गोळी घर्षणाने जराशी मंदावतेच. मग नेमबाज लांब नळ्या का वापरतात? पुढची माशी आणि मागचं छिद्र यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक डोळ्याला लवकर कळते म्हणून.

नळीतून सुटल्यावर गोळी सरळ का जाते, या प्रश्नाचं उत्तर शतकानुशतकं कुणाकडे नव्हतं. नळीच्या आत पिळदार खाचा पाडल्या तर नेम सुधारतो, हे कारागिरांना ठाऊक होतं, का सुधारतो ते कुणालाच सांगता येत नव्हतं. १७४० च्या दशकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने ते उलगडलं. आधी त्याला गोळीचा वेग मोजायचा होता. त्या काळी सेकंदाचे तुकडे करणारं घड्याळ नव्हतं, मग मोजणार कसा? त्याने लाकडाचा जड ठोकळा लोंबकळत टांगला, त्यात गोळी झाडली आणि ठोकळा किती मागे झुलला ते फितीने मोजलं. ठोकळ्याचं वजन माहीत, गोळीचं माहीत, झोका माहीत, वेग कागदावर निघाला! हवा गोळीला किती जबर अडवते आणि स्वतःभोवती फिरणारी गोळी का वाट सोडत नाही, हेही त्याने दाखवलं. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ले बांधायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

फिरणारी वस्तू आपला आस सोडायला तयार नसते. भोवरा फिरतोय तोवर आरीवर उभा, थांबला की आडवा. गोळीचंही तेच. पॉइंट टू-टूच्या नळीतल्या खाचा १६ इंचांत एक पूर्ण वेढा घेतात, म्हणजे गोळी साधारण ४० सेंटिमीटर पुढे जाताना एकदा गिरकी घेते. कमी वाटतं ना? आता हिशेब करा. सेकंदाला ३३० मीटर वेग, तर सेकंदाला आठशेहून जास्त गिरक्या आणि मिनिटाला जवळजवळ ४९ हजार!

आणि तरीही ती पडतच असते. 'बंदुकीची गोळी अगदी सरळ जाते' हा सिनेमाने पढवलेला गैरसमज आहे. नळी आडवी धरून गोळी झाडा आणि त्याच क्षणी त्याच उंचीवरून दुसरी गोळी हातातून सोडा. सपाट रानात दोन्ही जवळपास एकदमच जमिनीला टेकतील. पॉइंट टू-टूला ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली आलेली असते. १०० मीटरवर अर्धा मीटर! म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते आणि गोळी कमानीतून जाते. अंतराचा अंदाज वीस-पंचवीस मीटरने चुकला की लांबचा नेम वितीने चुकतो.

इथूनच वेगाचा हव्यास सुरू झाला. अमेरिकेतली शेतं लांबरुंद, शत्रू म्हणजे बिळाच्या तोंडाशी उभी राहणारी किलोभराची प्रेअरी डॉग किंवा कुरणं पोखरणारे चार-पाच किलोंचे वुडचक. लांबून टिपायचे, तर कमान सपाट हवी. कमान सपाट करायची, तर वाटेत वेळ कमी लागला पाहिजे. म्हणून जाडी तीच ठेवून मागे मोठी, मध्यावर ठोकर खाणारी पुंगळी जोडायची. १९३० मध्ये बाजारात आलेल्या .२२ हॉर्नेटने पॉइंट टू-टूच्या दुपटीहून जास्त वेग गाठला. पाचच वर्षांनी, १९३५ मध्ये, विंचेस्टर कंपनीने .२२० स्विफ्ट आणली. ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला साडेबाराशे मीटर! कारखान्यातून निघालेल्या काडतुसाने हे कधी गाठलं नव्हतं. आवाजाच्या साडेतीन पट वेग, आणि गोळीचं वजन तीन ग्रॅमच्या जरासं वर.

या वेगात गोळीच्या अंगावर काय बेतत असेल? स्विफ्टची गोळी मिनिटाला दोन लाखांहून जास्त गिरक्या घेते. तिच्या कडेवरच्या कणाला बाहेर फेकू पाहणारं बळ त्याच्या वजनाच्या लाखापटीहून अधिक. तांब्याचं आवरण जास्त पातळ असेल तर गोळी वाटेतच, हवेत, स्वतःच्या गिरकीने फुटते. नेम बरोबर, वारा नाही आणि लक्ष्यावर छिद्रच नाही! नेमबाजांना वाटेत करड्या धुराचा एक पुंजका तेवढा दिसतो.

हे फुटणंच मग कामाचं ठरलं. जवळपास घरं, गुरं, रस्ते असतील तर गोळी दगडावरून उसळून भलतीकडे जाण्याची भीती मोठी. हलकी, पातळ आवरणाची, भन्नाट वेगाची गोळी जमिनीला लागताच बहुधा चूर होते. म्हणजे लहान जनावरासाठी काडतूस निवडताना प्रश्न निव्वळ ताकदीचा नसतो. किती अंतरावर, कशाच्या पार्श्वभूमीवर, हेही तितकंच पाहायचं. साधी संथ पॉइंट टू-टू या बाबतीत जास्त धोक्याची. तिचं शिसं फुटत नाही, पाण्यावरून, दगडावरून उड्या मारतं. तिच्या खोक्यांवर 'पल्ला एक मैल' असा इशारा छापलेला असे. एक मैल म्हणजे राजापेठेतून निघून पायी वीस मिनिटांची वाट. पाव तोळ्याचा तुकडा, तोही वाट चुकलेला!

लहानाला लहान करण्याची हौस अजून फिटलेली नाही. २००२ मध्ये हॉर्नेडी कंपनीने .१७ जाडीचं, कडेवर ठोकर खाणारं काडतूस काढलं. गोळी १७ ग्रेनची, म्हणजे नऊ गुंजांची, सेकंदाला पावणेआठशे मीटर. उलट दिशेची कथा याहून थक्क करणारी आहे. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीने .२२२ नावाचं काडतूस आणलं ते बिळवासी जनावरांवर नेम धरणाऱ्या आणि कागदी लक्ष्यावर स्पर्धा खेळणाऱ्या हौशी लोकांसाठी. त्याचीच पुंगळी जरा लांबवून १९६४ मध्ये .२२३ झालं आणि त्याचं लष्करी भावंड ५.५६ मिलिमीटर म्हणून जगभरच्या सैन्यांच्या हाती गेलं. आपल्या जवानांची इन्सास रायफल याच मापाची. तिची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत होतात. वुडचकसाठी घातलेल्या घाटाची भाची भुसावळजवळ घडते!

वेग सर्वश्रेष्ठ, असं आता वाटायला लागलं असेल, तर थांबा. पॉइंट टू-टूमध्येच दोन प्रकार मिळतात. एक साधारण ३८० मीटर वेगाचा, दुसरा स्पर्धेचा, ३३० च्या आसपासचा. आडव्या वाऱ्यात जास्त कोण सरकेल? हळू जाणारी, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात १०० मीटरवर जास्त सरकते ती वेगवान! वारा गोळीला किती ढकलेल, हे ती हवेत किती वेळ आहे यावर ठरत नाही, हवेमुळे तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं. ३८० वाली आवाजाच्या वेगाहून जोरात निघते, ती भिंत उलटी ओलांडताना हवा तिला जबर मागे ओढते, शिवाय गदागदा हलवते. ३३० वाली त्या भांडणात पडतच नाही. ती मुळातच आवाजाच्या मागे असते. जगातले सर्वोत्तम नेमबाज मुद्दाम संथ गोळी वापरतात ते यासाठी.

यात आपल्या वऱ्हाडी उन्हाळ्याचा एक डाव आहे. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे अमरावतीत पारा १० अंशांवर असताना तो सेकंदाला ३३७ मीटर असतो. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांना ३५७ च्या पुढे जातो. आता ३४५ मीटर वेगाचं एखादं काडतूस घ्या. हिवाळ्यात ते आवाजाला मागे टाकेल आणि हवेत 'चटाक्' असा कडाका काढेल. मेमध्ये तेच काडतूस, त्याच रायफलीतून, आवाजाच्या मागून मुकाट जाईल. उन्हात तापलेली दारू जरा जोराने जळते, तरी एवढी तफावत ती भरून काढत नाही. एकाच खोक्यातली काडतुसं, पण अकोल्याच्या उन्हात त्यांचा धर्म बदलतो!

तर वावरात कोणती रायफल घ्यावी? आपल्याकडचे उपद्रवी कोण, ते आधी पाहू. पोहरा-मालखेडच्या जंगलाच्या कडेला किंवा मेळघाटच्या पायथ्याशी हरभरा-तूर पेरणाऱ्याला विचारा. रोही, रानडुक्कर, हरणं, माकडं. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. डुकराच्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, आपसातल्या सुळ्यांच्या लढाईसाठी निसर्गाने दिलेली. पॉइंट टू-टूच्या गोळीत नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. स्विफ्टमध्ये अडीच हजारांच्या जवळ, तीही तीन ग्रॅमच्या, वरवर फुटणाऱ्या गोळीत. ती प्रेअरी डॉगसाठी बेतलेली. रोह्याला ती मारणार नाही, जखमी करील, आणि जखमी जनावर कुणाच्या तरी पराटीत चार दिवस तडफडत मरेल. चिडलेलं जखमी डुक्कर जागलीवरच्या माणसाला काय करू शकतं, ते वऱ्हाडात सांगायला नको. माझं स्पष्ट मत आहे की लहान बोअरच्या मापाचा गुन्हेगार आपल्या वावरात जवळजवळ नाहीच. जे लहान आहेत, त्यात मोर राष्ट्रीय पक्षी आणि माकड मारुतीराय. राहता राहिले उंदीर आणि घुशी. त्यांच्यावर रायफल रोखणाऱ्याला गावात काय म्हणतील, त्याची कल्पना केलेली बरी.

कायद्यानेही ही वाट आधीच अरुंद करून ठेवलीय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता शिकार बंद आहे. त्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती, तिच्यात कावळा, उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ अशी मंडळी होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, आता केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं, ठरावीक काळासाठी एखादं जनावर उपद्रवी जाहीर करू शकतं. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१५ पासून वनखात्याच्या लेखी परवानगीची सोय आहे. परवानगीशिवाय मारलं तर तो गुन्हाच. हत्याराचं पाहिलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतलेलं आहे. बारुद, कापड, छर्रे गजाने ठासून भरायची ती बंदूक. गावात 'बंदूक' म्हणजे बहुतेक तीच, नाहीतर बारा बोअरची एकनळी-दुनळी. रायफल म्हटली तर सरकारी कारखान्याची .३१५. हा विचित्र आकडा आला कुठून? लष्कराची .३०३ नागरिकांना वर्ज्य, म्हणून तिच्या शेजारचंच, सैन्याच्या साठ्यात न बसणारं माप निवडलं गेलं. लष्कराचं काडतूस चोरून नेलं तरी खाजगी रायफलीत बसू नये, एवढा सरळ हिशेब.

मग पॉइंट टू-टूचं मराठी मुलखात घरच नाही? आहे की! १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा होता. हातात .२२ ची रायफल, काडतूस तेच १८८७ चं. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, शेवटी उभ्याने. ४५१.४ गुण आणि कांस्य. ५० मीटर रायफलच्या या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक प्रथमच. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं होतं. स्वप्नीलच्याही आधी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेतेपद आणलं, विश्वविक्रमाची बरोबरी करून.

हे आकडे किती अवघड आहेत ते जरा मोजून पाहा. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या गुंडीएवढं. गोळीचं छिद्र ५.६. नळीचं टोक मागच्या छिद्राच्या मानाने मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे जाड केसाएवढं, बाजूला सरलं की गोळी पाच-सहा मिलिमीटर बाजूला. आणि घोडा ओढल्यानंतरही गोळी दोन-तीन सहस्रांश सेकंद नळीतच असते, तेवढ्या काळात हललेलंही चुकीत मोजलं जातं. म्हणून हे लोक गोळी झाडल्यावरही पुतळ्यासारखे रोखून उभे राहतात. गोळी केव्हाच कागदात शिरलेली असते.

रायफल आणि काडतूस निवडणं म्हणजे काय, ते खरं या लोकांकडून शिकावं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसं, पण यंत्रावर एका खेपेला निघालेली आणि दुसऱ्या खेपेला निघालेली यांत फरक पडतो. कुठे मसाला कणभर जास्त, कुठे गोळीवरचं मेण जरा वेगळं. वेग सेकंदाला दोन-चार मीटरने हलला की ५० मीटरवर गोळी दीड ते तीन मिलिमीटर वरखाली. शिवाय प्रत्येक नळी गोळी जाताना आपल्या पद्धतीने थरथरते, तिच्या थरथरीशी कोणती खेप जुळेल ते सांगता येत नाही. कागदावर नाही, संगणकावर नाही, कुठेच नाही. मग काय करायचं? रायफल विमानात घालायची आणि कारखान्यात जायचं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली कंपनीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे. तिथे ५० मीटरचा बंद बोगदा असतो, वाऱ्याची झुळूकही नाही. लाकडी दस्ता काढून नळी लोखंडी शिकंजात आवळतात, माणसाचा हात बाजूला. एका खेपेच्या दहा गोळ्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. पडद्यावर प्रत्येक खेपेचा पुंजका उमटतो. एक खेप मोहरीएवढ्या फरकाने एका छिद्रात छिद्र पाडते, शेजारची, तंतोतंत तशीच दिसणारी, गुंडीएवढी पसरते. नेमबाज पहिलीच्या खोक्यांवरचा क्रमांक टिपून घेतो आणि त्या क्रमांकाचा शिल्लक असेल तेवढा माल, वर्ष-दोन वर्षं पुरेल इतका, तिथल्या तिथे विकत घेतो. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीचा दुसरा गिऱ्हाईक दुसरी रायफल घेऊन येतो आणि ती पसरणारी खेप त्याच्या नळीत बरोबर एका छिद्रात बसते.